सुई न लागणारा देश

बाहेरगावी निघालेल्या माणसाला ‘कुठं चालले’ म्हणून विचारू नये, अपशकुन होतो, असं आमच्याकडे मानतात. मुनाफ चाचा तसं कधी विचारत नसत. ते विचारत, "टोचून घेतलं का?"

हातात पिशवी दिसली की प्रश्न आलाच. पिशवी हिंगोलीला मुक्कामाला चाललेली असो की गल्लीच्या टोकाला दळण आणायला, चाचा दुकानाच्या पायरीवरून उठून आडवे येत. जुन्या माणसांना सवय होती. ते "घेतलं चाचा, घेतलं" म्हणत पुढे सटकत. नव्या माणसाची पंचाईत होई. आमच्या शेजारच्या घरात नवी सून आली, तिला वाटलं नाक टोचल्याचं विचारताहेत. ती लाजून म्हणाली, "लहानपणीच टोचलं." चाचांनी तिला शाबासकी दिली. "पाहा, हे असे असतात मायबाप," असं त्यांनी गल्लीला ऐकवलं.

रिसोडच्या बाजारात त्यांचं फवारणी पंपांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, आणि समोर आमचं घर. मी जवळच्या खेड्यावर मास्तर आहे. सकाळी बस धरायला निघालो की पहिला पेशंट मीच.

"एहतियात, सर, एहतियात," हे त्यांचं पालुपद. एहतियात म्हणजे खबरदारी. हा शब्द ते असा उच्चारत की ऐकणाऱ्याला आपल्या अंगात आत्ताच काहीतरी शिरलंय असं वाटावं. त्यांच्या डोक्यात गावांचा एक वेगळाच नकाशा होता. वाशीमचं पाणी जड, अकोल्याची हवा कोरडी, पुण्याला घसा धरतो आणि मुंबईत तर माणसानं तोंडच उघडू नये. हे त्यांनी कशावरून ठरवलं होतं ते त्यांनाच ठाऊक. स्वतः ते मुंबईला कधी गेले नव्हते. "तोंड न उघडता मानूस कायले जाईन तिकडं?" असं ते म्हणत.

माझ्या धाकट्या भावाचं, संजूचं लग्न अनसिंगला होतं. जीप फुलांनी सजवली, वऱ्हाड बसलं, आणि चढताना संजूच्या मनगटाला दाराचा पत्रा लागला. टाचणी टोचल्यावर येतं एवढंच रक्त आलं असेल. चाचांनी ते गल्लीच्या पलीकडून पाहिलं.

"गाडी बंद करा," ते म्हणाले. "नवरदेवाले लोखंड लागलं."

आई विनवून थकली, मुहूर्त टळतो म्हणाली. चाचा जीपच्या पुढ्यात उभेच. "मुहूर्त दुसरा भेटते, वहिनी. धनुर्वातात मानूस कमानीसारखा वाकते. तुमी पाह्यलं काय? मी पाह्यलं." शेवटी फेट्यासकट, बाशिंगासकट नवरदेवाला दवाखान्यात नेलं. कंपाउंडरनं शेरवानीची बाही वर सरकवण्याचा प्रयत्न केला, ती सरकेना, म्हणून अर्धी शेरवानी काढावी लागली. लग्नाला उशीर झालाच. त्यात हार घालायच्या वेळेला संजूचा डावा हात इतका दुखायला लागला की तो खांद्याच्या वर जाईना. मुलीकडच्यांत कुजबुज झाली की पोराच्या मनात नाही वाटतं. अजून त्याची बायको भांडणात तो हार काढते.

दुकानातही तेच. पंप घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला चाचा आधी तोंडाला रुमाल बांधून दाखवायला लावत. "बांध. नाकावरून घे. नाकावरून म्हनलं, बाप्पा, हनुवटीले कायची फवारणी करून राह्यला?" वारा कोणत्या बाजूनं आहे ते ओळखायला लावत. चुकलं तर पंप नाही. तरणी पोरं वैतागून पुढच्या दुकानात जात. चाचा तिकडेही जात आणि त्या दुकानदारासमोर त्याच गिऱ्हाइकाला रुमाल बांधत. तो दुकानदार बिचारा चाचांना चहा पाजून वाटेला लावी.

जुबेदा चाची, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्यावर नुसती हसायची. मोठी गमती बाई. आमच्या ओट्यावर सुपारी कातरत बसायची आणि म्हणायची, "इनका बस चले तो क़बर में भी उबला पानी मँगाएँगे." चाचा ऐकून न ऐकल्यासारखं करत. त्यांच्या घरात पाणी खरोखरच उकळूनच पीत. सरबतही कोमटच मिळे.

चाची कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली.

त्या दिवसांत लसीची रांग पहाटेपासून लागायची. चाचा आणि चाची दोघंही गेले. चाचा पुढे, चाची त्यांच्या मागे. मी त्यांच्यापासून बराच मागे होतो. चाचांना टोचली आणि आतून कोणी तरी येऊन सांगितलं की आजची संपली, आता पुढची आल्यावर. दार लागलं. चाचा दंड दाबत वळले तर चाची मागे उभी, पदर सावरत. "चलो, मेरी कल," ती म्हणाली. लस दुसऱ्या दिवशी आली नाही, त्याच्या पुढच्याही दिवशी आली नाही. ती आली तोवर चाचीला ताप होता. अकोल्याला नेलं. तिथून तिला परत घरी आणता आलं नाही.

त्याआधी चाचांचा प्रश्न आम्हाला गमतीचा वाटायचा. नंतरही ते तोच प्रश्न विचारत राहिले, आम्ही मात्र हसायचं थांबवलं. आणखी एक गोष्ट झाली. चाचा कोणत्याही रांगेत पुढे उभे राहीनासे झाले. बँकेत, रेशनवर, एसटीच्या दाराशी, त्यांच्या मागे कोणी आलं की ते त्याला पुढे सरकवत. "जाऊ द्या, मांगच्याले जाऊ द्या," म्हणत स्वतः मागे मागे जात. एकदा मी त्यांना बसस्टँडवर असंच मागे सरकताना पाहिलं. सगळी माणसं चढली, बस निघून गेली, आणि चाचा एकटे उभे राहिले.

त्यांची एकुलती एक मुलगी नसरीन. नर्सिंग शिकली, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला गेली. तिथे ती म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात काम करते, जावई इरफान दुधाच्या कारखान्यात आहे. चाची गेल्यापासून ती बापाला बोलवत होती, आणि बाप टाळत होता. मग तिला दिवस राहिले. तेव्हा मात्र तिनं फोनवर रडून सांगितलं, "अब्बू, अम्मी नहीं है. आप तो आओ."

चाचा दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आले. तिकिटाचं, व्हिसाचं काही बोलले नाहीत. म्हणाले, "सर, तिथं जायाले काय काय टोचा लागते, पाहा बरं मोबाइलात."

मी पाहिलं. नेहमीच्या लसी झालेल्या असाव्यात, एवढंच होतं. वेगळं काही लागत नाही. धोका कमी.

चाचांचा विश्वास बसेना. मग वाशीमच्या एका मोठ्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. मी सोबत गेलो. डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. त्यांनी सगळं नीट सांगितलं. धनुर्वाताचा डोस घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर घ्या, फ्लूचा घ्या. बीपीच्या गोळ्या परत येईपर्यंत पुरतील एवढ्या न्या, मूळ पाकिटात, सोबत चिठ्ठी. प्रवासाचा विमा काढा. विमानात मधून मधून उठून पाय मोकळे करा, पाणी पीत राहा.

"अन् सुई?" चाचांनी विचारलं.

"त्याच दोन. बाकी काही नाही लागत."

"मलेरिया?"

"नाही तिथे."

"साप?"

डॉक्टर हसले. "साप नाहीत चाचा त्या देशात."

"म्हनजे कमी हायेत."

"एकही नाही."

"पिसाळलेलं कुत्रं?"

"तो रोगच नाही तिकडे."

"नळाचं पानी?"

"सरळ प्या."

  चाचांनी खुर्ची पुढे ओढली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मंग मानसं मरतात कायनं तिथं?"

"म्हातारपणानं," डॉक्टर म्हणाले. "आणि हो, ऊन फार कडक असतं. टोपी घाला, मलम लावा."

यावर मात्र चाचा मोकळेपणी हसले. विदर्भातल्या माणसाला उन्हाची भीती घालणारा डॉक्टर त्यांना भेटला नव्हता. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर चांगला हाये. पण येवढं शिकून बह्याड राह्यला." बह्याड म्हणजे खुळा. परतीच्या बसमध्ये मात्र त्यांचा चेहरा पडलेला. रिसोड येईपर्यंत एकच वाक्य बोलले. "ज्या गावात सुई लागत नाई सर, त्या गावचं काही तरी लपवून ठेवलेलं असते."

ते गेले. गल्ली सुनी झाली. बाहेरगावी जाताना अडवणारं कोणी उरलं नाही. मला तर पहिले काही दिवस बस लवकर मिळायला लागली आणि करमेना.

चाचा चार-सहा दिवसांनी फोन करत. चित्रफोन. कधी त्यांचा कान दिसायचा, कधी छत. पहिल्याच फोनला खुशीत होते. तिथल्या विमानतळावर त्यांना एका कागदावर विचारलं होतं की शेतात जाऊन आलात काय. खोटं कसं बोलायचं? चाचांनी सांगितलं, मी पंपवाला, रोजच जातो. तपासणाऱ्यांनी चाचांचे बूट काढून घेतले, आत नेले, ब्रशनं तळ घासले आणि चकचकीत करून आणून दिले. सामानातल्या कडुनिंबाच्या काड्या काढून घेतल्या.

"येवढी एहतियात मी जिंदगीत पाह्यली नाई, सर," चाचा म्हणाले. "मी त्यायच्या देशाले भेऊन सुया घेऊन राह्यलो होतो. अन् थे आपल्या मातीले भेऊन राह्यले." मग म्हणाले, "बूट असे कधीच नव्हते झाले माहे."

दुसऱ्या फोनमध्ये त्यांचं नाक वांग्यासारखं झालेलं दिसलं. साल निघत होती. नसरीन मागून हसत होती. "ऊन दिसत नाई पण लागते," चाचा म्हणाले. "त्या वाशीमच्या डॉक्टरले माहा सलाम सांगा."

तिसऱ्या फोनपासून कालीनभाई आले. शेजारच्या घरात एक म्हातारा एकटाच राहायचा. नाव कॉलिन, चाचांनी त्याचं कालीनभाई करून टाकलं. बायको वारलेली, मुलगा दुसऱ्या देशात, घरात एक मांजर. रोज सकाळी तो कुंपणाजवळच्या गुलाबांना पाणी घालायला यायचा. चाचांना इंग्रजी येतं ते पंपाच्या खोक्यांवर छापलेलं तेवढंच. कालीनभाईला मराठी नाही, उर्दू नाही. तरी एके दिवशी त्याचा हातपंप, गुलाबांवर औषध मारायचा लहानसा, गळायला लागला, आणि तो हातात धरून कालीनभाई कुंपणाशी उभा राहिला.

मग काय विचारता. चाचांनी तो पंप कुंपणावरूनच हिसकावून घेतला म्हणा ना. रबरी हातमोज्याचा तुकडा कापला, वायसर केला, बसवला. पंप सुरू. कालीनभाई "लवली, लवली" म्हणाला. चाचांनी खिशातला रुमाल काढला आणि त्याच्या तोंडाला बांधला. तो गोरा म्हातारा शहाण्या मुलासारखा बांधून घेत उभा राहिला म्हणे.

पुढे चाचांनी त्याला विचारलंच. शब्द नव्हते, म्हणून स्वतःच्या दंडावर बोट टोचून खुणेनं विचारलं. म्हाताऱ्याला बरोबर कळलं. त्यानं बाही वर केली आणि कोणकोणती सुई कधी घेतली ते सगळं सांगितलं. चाचांना एक अक्षर समजलं नाही, पण यादी लांब आहे एवढं समजलं. त्याच्या दंडावर लहानपणच्या लशीचा व्रण होता. चाचांनीही सदऱ्याची बाही वर केली आणि आपला देवीचा व्रण दाखवला. कुंपणाच्या दोन्ही बाजूला दोन म्हातारे आपापला दंड उघडा करून उभे. नसरीननं खिडकीतून त्याचा फोटो काढला, तो तिनं मला पाठवला. अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.

"सगळ्या घेतल्या त्यानं, सर," चाचा मला फोनवर म्हणाले. "येकबी सोडली नाई. असा मानूस मी आपल्या अख्ख्या तालुक्यात पाह्यला नाई."

मग नातू झाला. पेढ्यांचे पैसे चाचांनी मला दुकानातून घ्यायला सांगितले आणि गल्लीभर वाटायला लावले. त्यानंतर बरेच दिवस फोन आला नाही. मी केला तर इरफाननं उचलला आणि अब्बूंची तबियत जरा नरम आहे म्हणाला. आणि एका दुपारी चाचा रिक्षातून गल्लीत उतरले. व्हिसाची अजून निम्मी मुदत शिल्लक होती.

मी पिशवी घ्यायला धावलो. ते बारीक झाले होते. बूट अजून स्वच्छ होते. दुकानाचं शटर त्यांनी उघडलंच नाही, मागच्या दारानं घरात गेले आणि खाटेवर बसले. मी पाणी आणून दिलं. उकळलेलं नव्हतं, तरी प्यायले.

काय झालं ते त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. लपवालपवी केली नाही.

एक दिवस सकाळी कालीनभाई गुलाबाला पाणी घालायला आला नाही. खिडकीचे पडदे ओढलेले होते. चाचांनी दुपारपर्यंत वाट पाहिली. नसरीन बाळासकट झोपली होती, इरफान कामावर निघाला होता. चाचांनी त्याला सांगितलं, जरा पाहून जा. इरफान म्हणाला, "अब्बू, यहाँ ऐसे किसी के घर में झाँकते नहीं. बुरा मानते हैं. कहीं गए होंगे." आणि तो गेला.

"त्याचंबी चूक नाई," चाचा मला म्हणाले. "तिथली रीत हाये थे."

पण चाचांना राहवेना. ते एकटेच गेले. फाटक उघडलं, दारापर्यंत गेले, घंटी दाबली. एकदा. आत वाजल्याचं ऐकू आलं. मग थोड्या वेळानं आत काहीतरी सरकल्यासारखा आवाज झाला. लाकडावर काही घासल्यासारखा.

"मले वाटलं मांजर असन," चाचा म्हणाले. "मी उभा राह्यलो. परत दाबू का, असं वाटलं. मंग म्हनलं, आपन पाहुने. दुसऱ्याच्या देशात. उगाच कायले जावयाले बोलनं. अन् निंघून आलो."

दुसऱ्या दिवशीही पडदे तसेच. मांजर बाहेर, दाराशी बसून ओरडत होतं. बाहेर. चाचांनी ते पाहिलं आणि तसेच घरात धावले. त्यांनी नसरीनला उठवलं. तिनं पोलिसांना फोन केला. दार उघडलं तेव्हा म्हातारा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडलेला होता. घसरला होता. नसरीन स्वतः नर्स, तिनं बापाला फक्त एवढंच सांगितलं की गेले. पण चाचांनी तिला समोर बसवून विचारलं, पडल्या पडल्या गेला काय? ती बाळाचं दुपटं सारखं करायला लागली. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "नहीं अब्बू. कुछ देर थे."

 बाहेर कोणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, तो किक मारत होता. आम्ही दोघं तो आवाज ऐकत बसलो.

"सगळ्या सुया घेतल्या होत्या त्यानं," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांना तिथे झोप लागेना. रोज सकाळी त्या गुलाबांकडे पाहावं लागे. काही दिवस चाचांनीच त्यांना पाणी घातलं, मग घराला कुलूप लागलं आणि कोणी तरी येऊन मांजर घेऊन गेलं. नसरीननं खूप समजावलं. इथेच राहा, इथे सगळं सुरक्षित आहे, दवाखाने आहेत, मी आहे. चाचांनी नातवाच्या कपाळावर हात ठेवला आणि तिकीट काढायला सांगितलं.

"काहून आले मंग?" मी विचारलं. "लेक होती ना तिथं."

"लेक आता परत कामावर जाईन, जावई कामावर जाते. दिवसभर घरात मी अन् लेकरू. लेकरू मोठं होईन, शाळेत जाईन. मंग मी अन् पडदे." ते खाटेवरून उठले आणि खिडकी उघडून आले. "इथं निदान मोटरसायकल आयकू येते."

यानंतरचे चाचा वेगळेच होते. पिशवी घेऊन कोणी निघालं तरी ते पायरीवरून उठत नसत. कोणाला टोचून घेतलं काय विचारत नसत. लोकांनी स्वतःहून थांबून सांगून पाहिलं, "चाचा, घेतली बरं का सुई." ते नुसती मान हलवत. फार तर विचारत, "मांगं घरी कोन हाये?" घरात कोणी तरी आहे असं कळलं की जाऊ देत. कोणी नाही म्हटलं, किंवा फक्त म्हातारी आई आहे म्हटलं, की त्या दिवसात चाचा त्या घरी दोनदा जाऊन येत. कधी उन्हाचं निमित्त, कधी पाणी उकळलं काय विचारायचं. आमच्या मागच्या आळीतली एक विधवा म्हातारी चिडून म्हणाली, "हा बुढा रोज मी मेली का पाहाले येते." ते काही खोटं नव्हतं. पण तिनं चहाचा दुसरा कप मांडायला सुरुवात केली होती, हेही मी पाहिलं.

आणि मग एक दिवस ते माझ्याकडे आले. सकाळची वेळ, मी बूट घालत होतो.

"सर, येक काम हाये. नाई म्हनू नका."

"बोला."

"तुमी रोज बसले जाता. जाता जाता माही कडी वाजवत जा. मी आतून ओ देतो. येवढंच. थांबू नका, चहा नाई, काही नाई."

 मी म्हटलं, तुम्हाला काय झालंय, धडधाकट आहात. ते म्हणाले, "कालीनभाईबी होता."  दुसऱ्या दिवसापासून मी जाता जाता कडी वाजवायला लागलो. आतून "हाव, हाव" असा आवाज यायचा. कधी खोकत, कधी तोंडात दातून असायचं म्हणून नुसतं "हूं." शाळेला सुट्टी असली तरी मी वाजवायचो. माझी बायको म्हणायची, देवळाची घंटा चुकेल पण ही चुकायची नाही.

पावसाळा संपत आला होता. सोयाबीनचे दिवस. त्या सकाळी मी नेहमीसारखी कडी वाजवली. आतून काही आलं नाही.

पुन्हा वाजवली. "चाचा," मी हाक मारली. काही नाही.

दार आतून बंद होतं. मी हातानं थाप मारली, मग मुठीनं. खिडकीशी गेलो, ती लावलेली. पुन्हा दाराशी आलो आणि कान लावला. आत काहीतरी हललं, किंवा मला भास झाला.  समोरून बायको आली, शेजारचा पोपटलाल शिंपी कात्री हातात घेऊन तसाच आला, मागच्या आळीतली ती म्हातारी काठी टेकत आली. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आता आठवत नाही. बस गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देऊन निघून गेली. कोणी तरी सब्बल, लोखंडी पहार, आणून माझ्या हातात दिली. मी ती दाराच्या फटीत घातली आणि जोर लावणार, इतक्यात आतली कडी सरकली.

चाचा दारात उभे होते. आंघोळ झालेली, सदरा घातलेला, केस विंचरलेले. त्यांच्या मागे, दारापासून हातभर अंतरावर, एक खुर्ची मांडलेली होती. ते तिच्यावर बसून होते, हे उघड होतं.

पहिल्यांदा म्हातारीच बोलली. "मेल्या, काय जीव घेतं काय सगळ्याचा?" पोपटलालनं कात्री खिशात घातली आणि निघून गेला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ती रागानं घरात गेली. मी सब्बल धरून तसाच उभा. 

"हे काय चालवलं, चाचा?" मी विचारलं.

"बस गेली तुमची," ते म्हणाले.

"गेली."

त्यांनी माझ्या हातातून सब्बल घेतली, भिंतीला टेकवली. माझा हात धरून आत नेलं, त्याच खुर्चीवर बसवलं, आणि स्वतः उंबऱ्यावर बसले, पाठमोरे, बाहेर गल्लीकडे तोंड करून. बराच वेळ त्यांच्या खांद्यांकडे पाहून मला कळेना की ते हसताहेत की काय.

"पुन्हा नाई करत," ते म्हणाले. "मले येकडाव पाहाचं होतं, सर. दुसऱ्यांदा वाजवते का कोनी."